दरडीवर डोळा ठेवणारा कर्णा कसा असावा?

३० जुलै ही तारीख पुणे जिल्ह्याला विसरता येत नाही. २०१४ साली त्या दिवशी सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीला तो आला, तर गाव जागेवर नव्हतं. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, वायनाड. आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार उपग्रह उडाला, जमिनीची हालचाल अवकाशातून मोजणारा. तारखांचा निव्वळ योगायोग. पण तेव्हापासून सिंहगडाच्या घाटात दरड आली की सोसायटीच्या कट्ट्यावर एक प्रश्न हमखास येतो: "आता वरून सगळं दिसतं म्हणतात, मग आधी कळत कसं नाही?"

निसार एका जागेवरून १२ दिवसांनी पुन्हा जातो. दरड सुटायच्या बेताला आली की शेवटचा खेळ काही दिवसांचा, कधी काही तासांचा असतो. अशा वेळी एकाच धोक्याच्या उतारावर दर पाच-दहा मिनिटांनी नजर टाकणारं काहीतरी लागतं. ते आहे: समोरच्या डोंगरावर किंवा दरीच्या अलीकडच्या काठावर ठेवलेलं, जमिनीवरचं रडार. त्याच्या तोंडाशी असतो एक धातूचा कर्णा, म्हणजेच हॉर्न अँटेना. या यंत्राच्या माहितीपत्रकांत संगणकाचं, सॉफ्टवेअरचं कौतुक पानभर असतं आणि कर्ण्याला एक ओळ मिळते. त्या एका ओळीत काय काय दडलेलं असतं, ते इथे उलगडून पाहू.

(भोंगा आणि तुतारी हे दोन्ही शब्द आपल्याकडे राजकारणाने पळवलेत, म्हणून मी 'कर्णा' म्हणतो. कोणताही वेगळा अर्थ काढू नये.)

रडार डोंगराला काय विचारतं?

तुळशीबागेतून शिंप्याची टेप आणलीत आणि वापरून वापरून तिच्यावरचे सेंटीमीटरचे आकडे पुसले गेले, फक्त मिलिमीटरच्या बारीक रेघा उरल्या, असं समजा. या टेपने भिंत किती लांब आहे ते सांगता येणार नाही. पण टेप तिथेच ताणून ठेवली आणि भिंत दोन रेघा पुढे सरकली, तर तेवढं नक्की कळेल.

हे रडार नेमकं तेच करतं. ते रेडिओ लहरी सोडतं, त्या डोंगरावर आपटून परत येतात. परत आलेली लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, माथ्यावर, उतरणीला की तळाला, हे ते टिपतं. या टप्प्याला 'फेज' म्हणतात. अशी बरीच रडारं १७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि तिथे एका लहरीची लांबी सुमारे १७.६ मिलिमीटर असते. लहर जाते आणि येते, त्यामुळे डोंगर ८.८ मिलिमीटर पुढे आला की फेजचं एक पूर्ण आवर्तन होतं. ३६० अंशांचं आवर्तन म्हणजे ८.८ मिलिमीटर, तर एक अंश म्हणजे ०.०२५ मिलिमीटरच्या आत. प्रत्यक्षात हवा, पाऊस, गवत यांच्या गोंधळात इतकं बारीक कोणी मोजत नाही. पण एक किलोमीटरवरचा खडक एखाद्या मिलिमीटरने किंवा त्याहूनही कमी सरकला, तर ते पकडता येतं.

पुसलेल्या आकड्यांची एक किंमतही मोजावी लागते. दोन नजरांच्या मध्ये डोंगर ४.४ मिलिमीटरहून जास्त सरकला, तर तो पुढे आला की मागे गेला, हेच ठरवता येत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा, भराभर पाहायचं.

नळी होतीच की, कर्णा कशाला?

रडारच्या आतून लहरी बाहेर आणणारी धातूची चौकोनी पोकळ नळी असते, तिला वेव्हगाइड म्हणतात. १७ गिगाहर्ट्झसाठी तिचं आतलं माप जेमतेम १६ बाय ८ मिलिमीटर. ही नळी तशीच उघडी सोडली तरी लहरी बाहेर पडतात, पण दोन घोटाळे होतात. नळीच्या अरुंद वाटेतून एकदम मोकळ्या हवेत येताना काही लहरी उंबऱ्यावरूनच मागे फिरतात. ज्या बाहेर पडतात त्या चहूकडे पांगतात.

गडावरून पलीकडच्या माचीवरच्या मित्राला हाक मारताना आपण तोंडाभोवती हातांचा द्रोण करतो. आवाज वाढत नाही, तो वाया जायचा थांबतो. तुतारीचं आणि सनईचं तोंड पसरट असतं ते याच कारणाने. नळी हळूहळू रुंद होत गेली की लहरीला आपण बाहेर कधी पडलो हे कळतच नाही, त्यामुळे ती बिचकून मागे फिरत नाही. जगदीशचंद्र बोस १८९० च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटरमध्ये मोजायच्या लहरींवर प्रयोग करत होते, तेव्हा त्यांनीही नळीला असाच कर्णा लावला होता. म्हणजे वस्तू सव्वाशे वर्षं जुनी आणि आपल्याच देशात वापरून झालेली.

मोठा कर्णा म्हणजे चांगला कर्णा, नाही का?

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. कर्ण्याचं तोंड जितकं मोठं, तितका झोत अरुंद आणि तीव्र. चहूकडे सारखी पांगणारी शक्ती एका दिशेला किती पटीने एकवटली, त्या पटीला 'गेन' म्हणतात. १७ गिगाहर्ट्झला साधारण ७ सेंटीमीटर चौरस तोंडाचा कर्णा ही शक्ती शंभर पट एकवटतो आणि त्याचा झोत सतरा-अठरा अंशांचा असतो. ४ सेंटीमीटरचं तोंड घेतलं तर पट तीसच्या आसपास येते आणि झोत तीस अंशांवर जातो.

आता समोर उतार आहे. एक किलोमीटरवर सतरा अंशांच्या झोतात सुमारे ३०० मीटर मावतात आणि तीस अंशांत ५३० मीटर. उतार पाचशे मीटर रुंद असेल, तर मोठा कर्णा त्याच्या मधल्या भागाकडे टक लावून बसेल आणि कडेला काय चाललंय ते त्याला दिसणारच नाही.

"पण झोत रुंद केला तर बारीक कसं दिसेल?" इथे या रडारची खरी गंमत आहे. कर्णा एका जागी बसत नाही. तो साधारण दोन मीटर लांबीच्या रुळावरून मिलिमीटर-मिलिमीटरने सरकतो. दर पाच मिलिमीटरला एक नोंद घेतली तर एका फेरीत चारशे नोंदी होतात. संगणक त्या सगळ्या जोडतो आणि जणू दोन मीटर रुंदीच्या प्रचंड अँटेनाने पाहिल्यासारखं चित्र मिळतं. एक किलोमीटरवर साडेचार मीटरचा तुकडा वेगळा ओळखता येतो. बारकावा येतो रुळाच्या लांबीतून. कर्ण्याचं काम एवढंच, की रुळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा उतार त्याच्या झोतात राहिला पाहिजे. मोठ्या तोंडाचा कर्णा इथे उलट अडचणच करतो.

जी रडारं रुळावर सरकत नाहीत, एका जागी उभी राहून मान फिरवतात, त्यांचा हिशोब बरोबर उलटा. त्यांना झोत अरुंदच हवा, म्हणून ती मोठ्या तबकडीसमोर छोटा कर्णा बसवतात. खाणींमध्ये अशी यंत्रं दिसतात. त्यामुळे "कोणता कर्णा चांगला" हा प्रश्न "कोणतं रडार" हे ठरल्याशिवाय विचारू नये. यापुढे मी रुळावरच्या रडारबद्दलच बोलतो.

जाता जाता एक गंमत. समजा, उतार ५०० मीटर रुंद आणि ३०० मीटर उंच आहे. झोत आडवा, म्हणजे रुंदीला जास्त हवा. मग कर्ण्याचं तोंड कसं असेल? उभं! सुमारे सहा सेंटीमीटर उंच आणि साडेचार सेंटीमीटर रुंद. तोंड ज्या दिशेला लहान, झोत त्या दिशेला पसरतो. फोटो पाहून "उलटा बसवलाय" असं म्हणणारे इंजिनिअरही मी पाहिलेत.

वाकडा चालेल, पण रोज तेवढाच वाकडा हवा

इलेक्ट्रॉनिक्स शिकताना आम्ही दोघा मित्रांनी तांबट आळीतून पितळी पत्र्याचे दोन कर्णे करून घेतले होते. प्रयोगशाळेत दहा गिगाहर्ट्झच्या लहरींचे प्रयोग मांडायचा बाक होता, समोर धातूची एक पाटी सरकवायची आणि ती किती सरकली ते फेजवरून सांगायचं. दोनांपैकी एक कर्णा चांगलाच तिरपा झाला होता, तोंडाच्या दोन बाजूंत डोळ्यांना दिसेल एवढा फरक. आता सगळं बिघडणार म्हणून आम्ही हबकलो. काही बिघडलं नाही. पाटीची हालचाल व्यवस्थित येत होती. दुसऱ्या दिवशी मात्र आकडे नुसते वाहत सुटले. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं, की दुसऱ्या, सरळ कर्ण्याचा एक स्क्रू ढिला होता आणि पंखा लावला की तो कर्णा किंचित थरथरत होता.

दरडीचं रडार निवडताना माझ्या मते हीच एक गोष्ट आधी पाहावी. हे यंत्र आजच्या चित्रातून कालचं चित्र वजा करतं. जी चूक दोन्ही दिवशी सारखी आहे, ती वजाबाकीत आपोआप उडते. कर्ण्याचा झोत थोडा वाकडा, एका बाजूला थोडा जास्त तीव्र, असं सगळं खपून जातं. बदलणारी चूक मात्र खपत नाही, कारण ती डोंगराची हालचाल म्हणून नोंदली जाते.

उन्हाचंच बघा. २० सेंटीमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा कर्णा पहाटेपासून दुपारपर्यंत २० अंश तापला तर जवळजवळ ०.१ मिलिमीटरने वाढतो. ज्या यंत्राकडून मिलिमीटरचे अंश मोजायची अपेक्षा, त्याचं तोंडच तेवढं वाढलं! सुदैवाने ही वाढ चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला सारखीच लागू होते. त्यामुळे उताराच्या आजूबाजूचे पक्के, न हलणारे खडक पाहायचे आणि "हे हललेले दिसतायत त्या अर्थी आपणच हललोय" असं म्हणून तेवढं वजा करायचं. हवेच्या ओलाव्यावर उपायही साधारण हाच. २५ अंश तापमानाला हवेतली सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांनी वाढली, तर एक किलोमीटरवरचा डोंगर सुमारे एक सेंटीमीटर लांब गेल्यासारखा दिसतो. पक्के खडक नसते तर हे रडार नुसतं हवामान सांगत बसलं असतं, आणि हवामान सांगायला शिवाजीनगरला वेधशाळा आहेच.

भातखाचरांचा घोळ

कोणत्याही कर्ण्याचा झोत टॉर्चसारखा स्वच्छ कापलेला नसतो. मुख्य झोताच्या आजूबाजूला दुबळे उपझोत निघतात. साध्या चौकोनी कर्ण्यात काही उपझोत मुख्य झोताच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याइतके असतात. ऐकायला क्षुल्लक, पण ते कुठे पडतात यावर सगळं अवलंबून आहे.

रुळावरचं रडार दोनच गोष्टी वेगळ्या ओळखतं: वस्तू किती लांब आहे आणि डावी-उजवीकडे कुठे आहे. वर-खाली त्याला कळत नाही. ८०० मीटरवरचा कडा आणि त्याच दिशेला, त्याच ८०० मीटरवर दरीच्या तळाशी असलेलं काहीही, चित्रात एकाच ठिपक्यात येऊन बसतं. आता सह्याद्रीतली एखादी दरी डोळ्यांसमोर आणा. वर काळा कातळ, खाली भाताची खाचरं. जुलैत लावणी झालेली, वारा सुटलेला, भात डोलतोय. कर्ण्याचा उपझोत खाली खाचरांवर पडला, की डोलणारा भात कड्याच्या ठिपक्यात मिसळतो. खाचरं दगडाची असती तर वजाबाकीत उडाली असती. भात दर फेरीला वेगळा डोलतो, म्हणून तो उडत नाही. कडा ठाम उभा, पण रडार म्हणतं थरथरतोय.

यावर एक फुकटचा उपाय आहे. साध्या चौकोनी कर्ण्याचे उपझोत सगळ्या बाजूंनी सारखे नसतात. लहरीतलं विद्युत क्षेत्र ज्या दिशेने डोलतं, त्या दिशेचे उपझोत मोठे असतात, आडव्या दिशेचे बरेच लहान. कर्णा नव्वद अंशांत फिरवून बसवला तर मोठे उपझोत वर-खाली पडायच्या ऐवजी डावी-उजवीकडे पडतात. तिथे रूळ त्यांना वेगळं करू शकतो, निदान न हलणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत. घाटातून जाणारा ट्रक त्या उपझोतात सापडला तर त्याचा पट्टा चित्रभर पसरतो, ते वेगळं दुखणं. शिवाय कर्णा फिरवला की तोंडाचं माप नव्या दिशेसाठी पुन्हा काढावं लागतं, आणि उभं गवत, झाडांचे बुंधे नव्या लहरींना वेगळे दिसू लागतात. फुकट म्हटलं तरी थोडा खर्च आहेच.

कर्ण्यांची जातकुळी

सगळ्यात साधा चौकोनी, पिरॅमिडच्या आकाराचा कर्णा. चार पत्रे, चार सांधे. त्याचं गणित इतकं पक्कं आहे, की प्रयोगशाळांत इतर अँटेना मोजायला मापदंड म्हणून तोच वापरतात. ठणठणीत, हलका, स्वस्त. दोष एकच, वर सांगितलेले उपझोत.

गोल शंकूचा कर्णा दिसायला तुतारीच्या जवळचा. गोल आहे म्हणजे झोतही सगळीकडून सारखा असेल असं वाटतं, पण तसं नसतं, विद्युत क्षेत्राची दिशा इथेही फरक करतेच. शिवाय आडवा-उभा वेगवेगळा झोत हवा असेल तर गोल तोंड काय कामाचं? दरडीसाठी मला यात फारसा अर्थ दिसत नाही.

खाचांचा कर्णा ही मात्र राजेशाही जात. आतल्या भिंतींवर एकामागून एक गोल खाचा पाडलेल्या असतात, प्रत्येक खाच लहरीच्या पाव लांबीइतकी खोल, १७ गिगाहर्ट्झला ४.४ मिलिमीटर. या खाचांमुळे लहर भिंतीला चिकटून धावत नाही, कडेला हळुवार विरत जाते. झोत सगळ्या बाजूंनी सारखा, उपझोत हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. असा कर्णा पाहायला लांब जायला नको. माळीणच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांच्या सगळ्यात वरच्या, १४२० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी लावलेला कर्णा खाचांचाच आहे. आकाशातली क्षीण कुजबूज ऐकताना आजूबाजूच्या जमिनीची बडबड कानावर येऊ नये म्हणून. भातखाचरांचा घोळ टाळायला नेमकं हेच हवं. पण एकेक खाच कातून काढायची म्हणजे खर्च आला, वजन आलं. रुळावर सतत मागेपुढे करणाऱ्या गाड्यावर वजन वाढलं, की थरथर वाढते. स्क्रूची गोष्ट आठवते ना?

दोन्ही जातींच्या मधला एक देशी जुगाड वाटावा असा प्रकार आहे. गोल कर्ण्याच्या घशाशी एक नेमकी पायरी ठेवायची. त्या पायरीमुळे आत लहरीचा दुसरा एक प्रकार तयार होतो आणि पहिल्याच्या उपझोतांना खोडून काढतो. खाचांची कटकट नाही. ही युक्ती लहरींच्या अरुंद पट्ट्यातच जमते, म्हणून बरेच जण तिला नाकं मुरडतात. आपल्या कामाला तो दोष नाही. दरडीचं रडार १७ हजार मेगाहर्ट्झवर फक्त दोन-तीनशे मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतं. तेवढ्यात ५० ते ७५ सेंटीमीटर अंतरावरच्या दोन वस्तू वेगळ्या कळतात आणि तेवढं पुरतं.

म्हणूनच मला पुढच्या जातीचं आकर्षण अनाकलनीय वाटतं. आत दोन धातूचे कणे असलेला कर्णा १ पासून १८ गिगाहर्ट्झपर्यंत सगळं चालवतो. प्रयोगशाळेत तो हाताशी असतो, म्हणून प्रायोगिक रडारवर तोच चढवला जातो. पण दोन टक्क्यांच्या पट्ट्यासाठी एवढी ऐसपैस वस्तू घ्यायची, गेन कमी पत्करायचा, आणि वर, पट्ट्याच्या वरच्या टोकाला, म्हणजे नेमका आपल्या १७ गिगाहर्ट्झच्या आसपास, त्याच्या कित्येक नमुन्यांचा झोत बिघडतो ते सोसायचं. लग्नाच्या पंगतीचं पातेलं एका कप चहासाठी चुलीवर ठेवण्यातला हा प्रकार.

पाऊस, कबुतरं आणि झाकण

दरडी पावसाळ्यात येतात. म्हणजे यंत्राची खरी गरज ज्या दिवशी, तोच त्याचा सगळ्यात वाईट दिवस. तासाला १०० मिलिमीटरच्या धो-धो पावसात १७ गिगाहर्ट्झच्या लहरीची तीन-चतुर्थांशाहून जास्त शक्ती एका किलोमीटरात पाऊसच खातो, आणि परतीचा प्रवास वेगळाच. १० गिगाहर्ट्झची लहर पावसात पुष्कळ कमी मार खाते, पण मिलिमीटर मोजायला ती तितकी बारीक नाही.

आकाशातल्या पावसापेक्षा मला कर्ण्याच्या तोंडावरच्या पाण्याची भीती जास्त वाटते. तोंड उघडं ठेवता येत नाही, झाकण लागतंच. या झाकणावर ०.१ मिलिमीटरचा पाण्याचा पापुद्रा बसला तरी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खोटी हालचाल दिसू शकते, कारण पाण्यात या लहरी हवेच्या सहा-सातपट सावकाश चालतात. सगळीकडे सारखा पापुद्रा असता तर पक्क्या खडकांनी वाचवलं असतं. पण पाणी ओघळतं, खाली जाड होतं, रुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत आकार बदलतं. उपाय अगदी घरगुती आहे: झाकण पुढे झुकतं ठेवा, त्यावर पाणी न धरणारा लेप द्या, आणि शक्य तर कर्णा, रूळ सगळं एका मोठ्या छपराच्या आडोशाला ठेवा.

झाकणाला दुसरंही कारण आहे. १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे पेन्झियास आणि विल्सन यांना एका प्रचंड कर्ण्यात सतत एक खरखर ऐकू येत होती. आत कबुतरांनी संसार थाटला होता. विष्ठा साफ केली, कबुतरं हाकलली, खरखर राहिलीच. ती विश्वाच्या जन्मकाळची उरलेली ऊब निघाली आणि १९७८ चं नोबेल त्यांना मिळालं. बाल्कनीला जाळी लावून बसलेल्या पुणेकरांनी यातून फार आशा बाळगू नये.

एवढ्या अर्ध्या मिलिमीटरने काय होतं?

सुटत चाललेल्या उताराचा वेग वाढत जातो. समजा तो पहिल्या दिवशी १ मिलिमीटर सरकला, मग १.२५, मग १.६७, मग २.५, मग ५. आकडे पाहून काही बोध होत नाही. आता प्रत्येकाचा व्यस्त घ्या, म्हणजे १ ला त्या आकड्याने भागा: १, ०.८, ०.६, ०.४, ०.२. सरळ रेषा! सहाव्या दिवशी ती शून्याला टेकते, आणि वेगाचा व्यस्त शून्य म्हणजे वेग बेसुमार. म्हणजेच दरड. जपानमध्ये फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही रीत आजही वापरात आहे.

आता दुसऱ्या दिवशी झाकणावरच्या पाण्याने अर्धा मिलिमीटर खोटा भरला असं समजा. १.२५ च्या जागी १.७५ आले, व्यस्त ०.५७. दोनच दिवसांवरून रेषा ओढली तर ती चौथा दिवस उजाडण्याआधीच शून्यावर जाते. गाव रिकामं करा असा निरोप जातो, लोक भर पावसात गुरंढोरं घेऊन शाळेत येऊन बसतात, आणि काही होत नाही. पुढच्या वेळी ते येतील का?

बरोबर आलं तर काय होतं, त्याचेही दाखले आहेत. अमेरिकेतल्या युटामध्ये बिंगहॅम कॅन्यनच्या तांब्याच्या खाणीत १० एप्रिल २०१३ ला खाणीची अख्खी भिंत कोसळली, कोट्यवधी टन खडक खाली आला आणि एकही माणूस जखमी झाला नाही. हालचाल मोजून आधीच माणसं हलवली होती. स्वित्झर्लंडमधलं ब्रिएन्झ हे शंभराहून कमी वस्तीचं गाव मे २०२३ मध्ये रिकामं केलं गेलं. जूनमध्ये एका रात्री डोंगर आला आणि गावाच्या वेशीशी येऊन थांबला.

मग माळीणला हे असतं तर?

प्रामाणिक उत्तर: कदाचित नाही. माळीणचा उतार गवताचा, मातीचा, पावसाने भिजून एकदम घसरलेला. हिरवळीवर १७ गिगाहर्ट्झची लहर पानांवरच अडते, खालची माती तिला दिसत नाही. पानांखाली पोचणारी, पंचवीसेक सेंटीमीटर लांबीची लहर वापरायची, तर ४ सेंटीमीटरच्या कर्ण्याचं तोंड अर्ध्या मीटरहून मोठं करावं लागेल, शिवाय हालचाल तितकी बारीक कळणार नाही. त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, रडार आधी तिथे असायला हवं. तळिये, इर्शाळवाडी, माळीण, यांतल्या कोणत्या गावासमोर ते ठेवायचं हे आदल्या वर्षी कोणी सांगितलं असतं? ते काम भूगर्भशास्त्रज्ञांच्या नकाशांचं, पर्जन्यमापकांचं आणि निसारसारख्या उपग्रहांचं. त्यांनी संशयित उतार दाखवायचे, मग कर्णा तिकडे तोंड करून बसवायचा.

द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ २०१५ च्या आणि पुन्हा २०२३ च्या जुलैत दरड आली. तिथे मात्र उघडा कातळ आहे, जागा ठरलेली आहे, वीज आहे, रस्ता बंद करायचा अधिकार कोणाकडे हे ठरलेलं आहे. असं रडार मी आधी अशा जागी ठेवेन. एकटा सुटलेला दगड त्यालाही आधी कळणार नाही, पण सरकत चाललेला मोठा तुकडा कळेल.

"या लहरींचा शेजारच्या वस्तीला त्रास?" रडारची शक्ती मोबाइलच्या तोडीची असते आणि ती डोंगराकडे जाते. खिशातला फोन कानाला लावतो त्यापुढे हे काहीच नाही.

बरं, मग कोणता घ्यायचा?

मला विचाराल तर, समोर उघडा कातळ आणि खाली दगड-धोंडे असतील तर साधा चौकोनी कर्णा, उभ्या तोंडाचा, जाड पत्र्याचा. खाली भातखाचरं किंवा झाडी असेल तर पायरीचा किंवा खाचांचा, आणि त्याचं वजन पेलणारा रूळ. चौकोनी घेऊन जे पैसे वाचतील, त्यातून उताराच्या शेजारच्या पक्क्या कातळावर धातूचे चार-पाच कोनाडे ठोकून घ्यावेत, लहर आली तशी परत पाठवणारे. न हलणारा खडक ओळखायला त्यांच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

आणि मेअखेरीस एका माणसाने वर जाऊन प्रत्येक कर्ण्याच्या तोंडात बोट घालून बघावं. झाकणाची एखादी कड उचकटली असेल, तर उन्हाळ्यात तिथून कुंभारीण माशी आत शिरलेली असते. तिला असं कोरडं, आडोशाचं भोक फार आवडतं. तिचं मातीचं घरटं जूनच्या पहिल्या दमट हवेत ओल धरतं आणि उघडीप मिळाली की वाळतं. दर वेळी लहर थोडी वेगळी वळते, आणि रडारच्या वहीत डोंगर हलला म्हणून नोंद होते.